हृदयातली गाठ आणि उसनी हत्यारे

फुप्फुसांकडून आलेले शुद्ध रक्त हृदयात पहिल्यांदा ज्या कप्प्यात उतरते, त्या डाव्या अलिंदात क्वचित एखाद्या माणसाच्या बाबतीत एक मऊ गाठ वाढते. तिला मिक्सोमा म्हणतात. ती कर्करोगाची नसते. आजूबाजूच्या मांसात घुसत नाही, शरीर पोखरत नाही. तरीही शेकडो वर्षे ती झालेला माणूस वाचत नसे. हृदयाच्या कप्प्यातून ही गाठ काढली आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला, अशी पहिली नोंद १६ जुलै १९५४ या दिवसाची आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चित्र असे पालटले की, वेळेत सापडली तर हमखास बरी होणारी हृदयाची व्याधी म्हणून डॉक्टर तिच्याकडे पाहू लागले. गाठ होती तशीच राहिली होती, बदलली होती ती माणसाची हत्यारे. आणि त्यांतले एकही हत्यार या गाठीसाठी म्हणून घडवलेले नव्हते. कुठले फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीसाठी होते, कुठले आकसलेल्या झडपेसाठी, तर कुठले चक्क जहाजाच्या पोलादासाठी. दुर्मीळ आजाराचे भवितव्य बहुधा त्या आजारावरच्या खास संशोधनाने ठरत नाही. इतर कामांसाठी तयार झालेली साधने त्याच्यापर्यंत किती लवकर पोचतात आणि ती हाती येतील तेव्हा आजाराची नेमकी ओळख कोणी करून ठेवलेली आहे का, यावर ते ठरते. मिक्सोमाचा इतिहास याची सर्वांत स्वच्छ साक्ष देतो.

आधी या गाठीची करणी समजून घ्यायला हवी. हृदयातच उगम पावणाऱ्या गाठी मुळात फार थोड्या. शवविच्छेदनांच्या मोठ्या मालिका पाहिल्या तर दहा हजारांमागे जेमतेम दोन-तीन, कधी त्याहूनही कमी. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश कर्करोगाच्या नसतात, आणि प्रौढांमधल्या अशा साध्या गाठींत निम्म्याच्या आसपास मिक्सोमाच असतात. ती पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळते, आणि तीस ते साठ या वयात, म्हणजे संसाराच्या ऐन भरात. दर चार मिक्सोमांपैकी तीन किंवा त्याहून अधिक डाव्या अलिंदात सापडतात. गर्भात असताना दोन अलिंदांमधली जी वाट उघडी असते, तिच्या बुजलेल्या खळग्याच्या काठाशी एका देठाने ती लटकलेली असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती खाली सरकते, अलिंदातून खाली उघडणाऱ्या मिट्रल झडपेच्या तोंडाशी येते आणि मोरीच्या तोंडावर बोळा बसावा तशी वाट अडवते. मग दम लागतो, पायऱ्या चढवत नाहीत, कधी उठता-बसताना एकाएकी भोवळ येते, आणि वाट पुरती बंद झाली तर तिथेच मृत्यू येतो. दुसरा धोका तिच्या ठिसूळपणाचा. तिचे कण सुटून रक्ताबरोबर वाहत जातात. मेंदूत गेले तर पक्षाघात, पायाच्या रोहिणीत गेले तर पाय गार पडतो. मोठ्या पाहण्यांमध्ये तीस ते चाळीस टक्के रुग्णांना हा त्रास झालेला दिसतो. तिसरा परिणाम सर्वांत गोंधळात टाकणारा आहे. महिनोन् महिने बारीक ताप, वजन उतरणे, सांधे दुखणे, रक्त कमी होणे, रक्ततपासणीत दाह दाखवणारा ईएसआर वाढलेला. कर्करोग नसलेली, एका जागी लटकलेली गाठ सगळे अंग आजारी पाडते ती का, हे कोडे सुटायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

या गाठीची पहिली ओळख शवविच्छेदनाच्या टेबलावर झाली आणि सुमारे चारशे वर्षे तिथेच होत राहिली. इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ रेआल्दो कोलोंबो यांचा ग्रंथ १५५९ मध्ये व्हेनिसला छापला गेला. एका कार्डिनलच्या हृदयात अंड्याएवढी कठीण गाठ दिसल्याची नोंद त्यात आहे, आणि हृदयातल्या गाठींचा इतिहास सहसा तिथून मोजला जातो. आजच्या कसोटीला ती गाठ म्हणून उतरेलच असे नाही, कारण मृत हृदयात साकळलेले रक्तही तसेच दिसते. १८४५ मध्ये लंडनच्या लॅन्सेट नियतकालिकात टी. डब्ल्यू. किंग यांनी डाव्या अलिंदातल्या साध्या वाढींवर लेख लिहिला. त्यातले वर्णन आजच्या मिक्सोमाशी बरेच जुळते. मात्र ही खरी गाठ की भिंतीला चिकटून जुनी झालेली रक्ताची गुठळी, हा वाद पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. तो निकाली काढायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आणि पेशीसंवर्धनाची तंत्रे यावी लागली. दरम्यान विकृतिशास्त्रज्ञ चिकाटीने याद्या करत राहिले. १९३१ मध्ये अमेरिकेत येटर यांनी हृदयाच्या गाठींचे वर्गीकरण मांडले, १९४५ मध्ये लोझानच्या इव्हान माहेम यांनी चारशेहून अधिक प्रकरणे गोळा करून ग्रंथ लिहिला, आणि १९५१ मध्ये प्रिचर्ड यांनी दीडशे प्रकरणांचा आढावा घेतला. या याद्यांनी त्या काळी एकाही रुग्णाचा जीव वाचवला नाही. पण देठ कुठे असतो, आकार कसा असतो, तिच्यामुळे माणूस कसा मरतो, हे सगळे कागदावर आले.

जिवंतपणी निदान होत नव्हते याचे पहिले कारण म्हणजे ही गाठ दुसऱ्या, फार मोठ्या आजाराचे सोंग घेत असे. घशाच्या संसर्गानंतर लहान मुलांना येणारा ऱ्हुमॅटिक ताप पुढे मिट्रल झडप आकसवतो. युरोप-अमेरिकेत त्या काळी, आणि भारतात त्यानंतरही कित्येक दशके, तरुण स्त्रीला दम लागतो म्हटले की डॉक्टरांच्या मनात प्रथम हीच शक्यता येई. गाठीने झडप अडवली की स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा आवाज जवळजवळ तसाच. फरक होता, पण बारीक. रुग्णाने कूस बदलली, उठून बसला की आवाज बदलतो. कधी गाठ थांबताना दबका ‘टप्’ असा ध्वनी येतो. शेकडो आकसलेल्या झडपांच्या गर्दीत हे वेगळेपण कानांनी पकडणे भल्याभल्यांना जमले नाही. दुसरे कारण त्याहून मूलभूत होते. निदान झाले असते तरी उपयोग काय? धडधडणाऱ्या, रक्ताने भरलेल्या हृदयात हात घालायची सोयच नव्हती. जून १९४८ मध्ये फिलाडेल्फियात चार्ल्स बेली आणि बॉस्टनमध्ये ड्वाइट हार्केन यांनी काही दिवसांच्या अंतराने आकसलेली झडप उघडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. तीत हृदय न थांबवता अलिंदाच्या टोकाला छेद देऊन सर्जन आपले बोट आत सरकवत आणि केवळ स्पर्शाने झडप मोकळी करत. मुंबई आणि वेल्लोरलाही ही शस्त्रक्रिया लवकरच रुजली. झडपेसाठी ती वरदान ठरली, पण काही वेळा त्या बोटाला झडपेऐवजी एक बुळबुळीत गोळा लागे. निदान तिथल्या तिथे व्हायचे, छाती उघडी असताना. गोळा बोटाने ओढावा तर तो फुटून तुकडे मेंदूकडे जाणार, आणि तसाच ठेवावा तर रुग्णाची सुटका नाही. अशा प्रकरणांचा शेवट बहुतेक वेळा वाईटच झाला.

हृदयाच्या आत पाहण्याची पहिली वाट क्ष-किरणांनी दाखवली. १९२९ मध्ये जर्मनीत एबर्सवाल्डे या गावी वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडातल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवून क्ष-किरणचित्र काढून घेतले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कला रॉब आणि स्टाइनबर्ग यांनी शिरेत रंगद्रव्य सोडून हृदयाचे कप्पे चित्रात उमटवायचे तंत्र बसवले. यांपैकी कोणाच्याही डोळ्यांसमोर मिक्सोमा नव्हती. पण १९५२ मध्ये गोल्डबर्ग, ग्लेन, डॉटर आणि याच स्टाइनबर्ग यांनी एक प्रकरण प्रसिद्ध केले. रंगद्रव्याने भरलेल्या डाव्या अलिंदात एक जागा रिकामी दिसत होती, आणि ही मिक्सोमा असावी असे निदान रुग्ण जिवंत असताना झाले. शस्त्रक्रिया करूनही रुग्ण वाचला नाही. लेखात शस्त्रक्रियेच्या जोडीला शवविच्छेदनाचेही वर्णन आहे. त्याच सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बानसन आणि न्यूमन यांनी उजव्या अलिंदातली गाठ ओळखली. हृदयात रक्त आणणाऱ्या दोन्ही महाशिरा काही क्षण दाबून धरून बानसन यांनी ती काढलीदेखील, पण तो रुग्णही काही आठवड्यांत गेला. या दोन अपयशांनी प्रश्न नेमका करून दिला. गाठ आता दिसत होती आणि कुठे कापायचे तेही कळत होते. मिळत नव्हता तो फक्त वेळ. हृदय रिकामे आणि शांत ठेवून काम करायला काही मिनिटे हवी होती, आणि रक्ताविना मेंदू तेवढी मिनिटे तग धरत नव्हता.

ती मिनिटे मिळवून देणाऱ्या यंत्राची कल्पना एका वेगळ्याच मृत्यूतून जन्मली होती. १९३० च्या दशकाच्या तोंडावर बॉस्टनमध्ये जॉन गिबन हे तरुण सर्जन एका स्त्री रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसले होते. शस्त्रक्रियेनंतर पायातली गुठळी सुटून तिच्या फुप्फुसाच्या रोहिणीत अडकली होती, आणि तिचे रक्त हळूहळू काळे पडत चाललेले त्यांना दिसत होते. ते काळे रक्त बाहेर काढून, त्याला प्राणवायू देऊन पुन्हा शरीरात सोडता आले तर, हा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आला आणि पुढची वीसहून अधिक वर्षे त्यांनी त्यालाच वाहून घेतले. पत्नी मेरी यांनी प्रयोगशाळेत त्यांच्या बरोबरीने काम केले. पुढे आयबीएम कंपनीने अभियंते आणि पैसा दिला. तरी हे यंत्र माणसावर वापरता आले त्याला आणखी एक आधार होता. नळ्यांमधून फिरणारे रक्त गोठू नये म्हणून लागणारे हेपॅरिन १९१६ मध्ये योगायोगाने हाती लागले होते, आणि १९३० च्या दशकात टोरांटो व स्टॉकहोम इथे ते शुद्ध झाले होते. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात गिबन यांनी १८ वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाच्या पडद्यातले छिद्र बंद केले. त्या वेळी २६ मिनिटे तिच्या हृदयाचे आणि फुप्फुसांचे संपूर्ण काम यंत्राने केले. मुलगी बरी झाली. पण पुढचे रुग्ण दगावले आणि गिबन यांनी स्वतःच थांबायचे ठरवले. जगातले पहिले यशस्वी हार्ट-लंग मशीन अशा रीतीने एकाच यशानंतर बाजूला पडले.

दुसरे यश स्टॉकहोमला मिळाले, आणि ते मिक्सोमाच्या रुग्णाच्या वाट्याला आले. क्लेरेन्स क्राफोर्ड यांचे नाव तोवर जगभर झाले होते. जन्मतः आकसलेली महारोहिणी १९४४ मध्ये यशस्वीपणे दुरुस्त करणारे ते पहिले सर्जन. त्यांच्या चमूतल्या व्हायकिंग ब्यॉर्क यांनी फिरत्या तबकड्यांवर रक्ताचा पातळ थर पसरवून त्याला प्राणवायू देण्याचे यंत्र १९४८ पर्यंत तपासून पाहिले होते, आणि ओके सेनिंग यांनी हे काम पुढे नेले. सेनिंग यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. डावे हृदय उघडले की आत हवा शिरते, हृदय ठोके देत असेल तर ते ती हवा मेंदूकडे ढकलते आणि प्राणी मरतो. विजेच्या सौम्य प्रवाहाने हृदयाला नुसते थरथरत ठेवले तर हा धोका टळतो. डाव्या अलिंदातली गाठ काढायची तर ही अडचण आधी सोडवणे भागच होते. १६ जुलै १९५४ रोजी क्राफोर्ड यांनी या यंत्राच्या आधाराने चाळिशीतल्या एका स्त्रीच्या डाव्या अलिंदातली मिक्सोमा काढली. ती स्त्री बरी झाली आणि पुढे अनेक दशके जगली. दोन वर्षांनी बॉस्टनच्या स्कॅनेल यांच्या चमूनेही डाव्या अलिंदातली मिक्सोमा यशस्वीपणे काढल्याचे प्रसिद्ध केले, तेही यंत्राविना, शरीर थंड करून रक्तपुरवठा थांबवण्याची मुदत वाढवण्याच्या तंत्राने. १९५२ मधले अपयश आणि १९५४ मधले यश यांच्यामध्ये दोनच वर्षे आहेत. पण त्या दोन वर्षांच्या पाठीशी गुठळी, झडप आणि पडद्यातले छिद्र यांच्यासाठी झालेली पंचवीस वर्षांची मेहनत उभी आहे.

शस्त्रक्रिया शक्य झाली तरी निदानाची अडचण होतीच. हृदयात नळी घालून रंगद्रव्य सोडणे हे दम लागलेल्या प्रत्येक माणसावर करायचे काम नव्हते, आणि ठिसूळ गाठीच्या शेजारून नळी नेणे धोक्याचेही होते. त्यावरचा उपाय स्वीडनच्याच दक्षिण टोकाला, लुंड इथे, त्याच काळात आकार घेत होता. तिथले हृदयतज्ज्ञ इंगे एडलर मिट्रल झडपेच्या रुग्णांमुळे हैराण होते. कोणाला शस्त्रक्रियेचा फायदा होईल हे छाती उघडण्याआधी कळावे, ही त्यांची गरज. विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांना माहीत होते की माल्मोच्या कोकम्स जहाजगोदीत पोलादातले दोष ध्वनिलहरींनी शोधतात. कानाला न ऐकू येणारी लहर धातूत सोडायची. आत भेग असली की प्रतिध्वनी लवकर परत येतो. हर्ट्झ यांनी ते उपकरण स्वतःच्या छातीला लावले आणि पडद्यावर हृदयाच्या ठोक्याबरोबर मागेपुढे सरकणारा प्रतिध्वनी उमटला. मग सीमेन्स कंपनीकडून तशाच जातीचे यंत्र उसने मिळाले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी हृदयाच्या हालचालीचा आलेख टिपला. १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीत स्वेन एफर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने डाव्या अलिंदातल्या गाठी ओळखल्याचे प्रसिद्ध केले. झडप उघडली की तिच्या मागे प्रतिध्वनींचा एक दाट ढग सरकताना दिसे, आणि आकसलेल्या झडपेत तसा ढग नसतो. १९७० च्या दशकात या आलेखाची जागा हलत्या चित्राने घेतली, आणि आज तालुक्याच्या गावातही लोक ज्याला टू-डी इको म्हणतात ती तपासणी तयार झाली. सुई टोचावी लागत नाही, दुखत नाही, आणि देठावर झुलणारी गाठ काही मिनिटांत डोळ्यांसमोर दिसते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. सगळी साधने बाहेरून आली असतील तर या गाठीवर डोके खपवणाऱ्यांचे श्रम वाया गेले असे म्हणायचे का? घटनांचा क्रम नेमके उलट सांगतो. १९५२ मध्ये चित्रातली रिकामी जागा पाहून मिक्सोमाचे नाव घेता आले, ते माहेम आणि प्रिचर्ड यांनी मृतदेहांवरून तिचे रूप लिहून ठेवले होते म्हणून. १९६३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या जॉन गुडविन यांनी डाव्या अलिंदातल्या मिक्सोमाच्या निदानावर लेख लिहिला. वाट अडणे, कण सुटणे आणि सगळे अंग आजारी पडणे ही तीन लक्षणे एकत्र कशी वाचायची, ते त्यांच्या मांडणीमुळे डॉक्टरांच्या मनात पक्के झाले. इकोचे यंत्र कोणाच्या छातीवर ठेवायचे, हे यंत्र स्वतः सांगत नाही. तापाचे कारण सापडत नसलेला रुग्ण, चाळिशीच्या आत पक्षाघात झालेली स्त्री, कूस बदलली की भोवळ येणारा माणूस यांच्याकडे पाहून हृदयातल्या गाठीची शंका घेणारे डोके लागतेच. उसने हत्यार त्याच्याच उपयोगी पडते, ज्याने आपला प्रश्न आधी नेमका मांडून ठेवलेला असतो.

शस्त्रक्रियेने सगळे संपले असेही झाले नाही, आणि तो पुढचा भागही तितकाच बोलका आहे. नुसता गोळा कापून देठ मागे ठेवला तर गाठ पुन्हा वाढू शकते. म्हणून पडद्याचा देठालगतचा तुकडा बरोबर काढायचा आणि भोकावर ठिगळ लावायचे, अशी रीत रूढ झाली. त्यामुळे बहुतेकांना ती पुन्हा होत नाही. परत येण्याचे प्रमाण शंभरात एक ते तीन. काही घरांत मात्र ती वारंवार परतत होती, एकाच माणसात अनेक ठिकाणी उगवत होती, तरुणपणीच दिसत होती. १९८५ मध्ये मेयो क्लिनिकमधले विकृतिशास्त्रज्ञ एडन कार्नी यांनी या रुग्णांच्या त्वचेवरचे गडद ठिपके, अंतःस्रावी ग्रंथींचे बिघाड आणि मिक्सोमा यांचा एकमेकांशी संबंध दाखवून दिला. २००० मध्ये त्यामागचा एक जनुकीय दोष सापडला. याचा रुग्णांना थेट उपयोग झाला. अशा घरातल्या भावंडांची आणि मुलांची आता लक्षणे दिसण्याआधीच नियमित इको तपासणी करता येते. एकट्या-दुकट्या रुग्णासाठी शस्त्रक्रिया हा शेवट असतो. या कुटुंबांना मात्र आयुष्यभर लक्ष ठेवावे लागते.

लहान मुलांचा इतिहास तर आणखी एक धडा देतो. तिथे साध्या गाठींत मिक्सोमापेक्षा ऱ्हॅब्डोमायोमा ही स्नायूची गाठ अधिक. १८६२ मध्ये फॉन रेकलिंगहाउझेन यांनी बर्लिनमध्ये एका नवजात बालकाच्या हृदयातल्या अशा गाठींचे आणि त्याच्या मेंदूतल्या कठीण भागांचे वर्णन केले होते. दोन्हींचे मूळ एकच, ट्यूबरस स्क्लेरोसिस हा जन्मजात विकार, हे पुढे स्पष्ट झाले. या गाठी बऱ्याचदा वयाबरोबर आपोआप आक्रसतात. म्हणून रक्ताची वाट अडत नसेल, ठोक्यांची लय बिघडत नसेल, तर सर्जन सुरी उचलत नाहीत, मुलाचा इको करत वाट पाहतात. सापडली की काढायची हा मिक्सोमाचा नियम इथे लावला असता तर अनेक बालकांना विनाकारण शस्त्रक्रियेतून जावे लागले असते. शिवाय इथेही उसने हत्यार आहेच. ईस्टर बेटावरून १९६४ मध्ये आणलेल्या मातीतून माँट्रियलमध्ये भारतीय वंशाच्या सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या चमूने बुरशीविरोधी द्रव्य म्हणून रॅपामायसिन वेगळे केले. त्याच कुळातल्या एव्हरोलिमसने काही बालकांच्या हृदयातल्या गाठी लवकर लहान झाल्याच्या नोंदी आता आहेत.

दुर्मीळ आजाराने या उसनवारीची परतफेडही केली. अंग आजारी पाडणाऱ्या तापाचे कोडे जपानमध्ये ओसाका विद्यापीठात सुटले. तादामित्सु किशिमोतो आणि तोशियो हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये एका प्रथिनाचा जनुक वेगळा केला. ते आज इंटरल्युकिन-६ म्हणून ओळखले जाते. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की मिक्सोमाच्या पेशी हे प्रथिन मोठ्या प्रमाणात बनवतात. गाठ काढली की ताप, सांधेदुखी आणि रक्तातले बिघाड थांबतात, हे सर्जन कित्येक वर्षे पाहत होते. आता त्याचे कारण कळले. एकच रेणू सगळ्या शरीराला दाहात लोटू शकतो, याचा माणसाच्या शरीरातून मिळालेला हा अगदी आरंभीचा आणि ठसठशीत पुरावा होता. अर्थात इंटरल्युकिन-६ ला रोखणाऱ्या औषधाचे श्रेय एकट्या या गाठीला देणे अतिशयोक्ती होईल. त्यामागे दाहाच्या अनेक आजारांवरचे काम आहे. पण त्या कामात मिक्सोमाचा वाटा नि:संशय आहे. ओसाका विद्यापीठ आणि चुगाई कंपनी यांनी घडवलेल्या टोसिलिझुमॅबला जपानमध्ये २००५ मध्ये कॅसलमन रोगासाठी आणि २००८ मध्ये आमवातासाठी मान्यता मिळाली. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, याच औषधाची चिठ्ठी हातात घेऊन महाराष्ट्रातली कुटुंबे शहरोशहरी फिरत होती. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर कोविडसाठी त्याच्या वापराची शिफारस केली.

मग यातून काय घ्यायचे? एक निष्कर्ष सोपा पण चुकीचा आहे: सगळे योगायोगाने घडते, तेव्हा दुर्मीळ आजारांवर खर्च कशाला. योगायोग लुंडला घडला, कारण भौतिकशास्त्रज्ञ आणि डॉक्टर एकाच गावात एकमेकांशी बोलत होते. स्टॉकहोमला यंत्र चालले, कारण सहा-सात वर्षे तिथे कोणी तातडीच्या निकालाची अपेक्षा न धरता प्रयोग करू दिले. ओसाकाला कोडे सुटले, कारण मूलभूत संशोधनाच्या प्रयोगशाळेत रुग्णाच्या गाठीला जागा मिळाली. योगायोगांना वाव देणाऱ्या या व्यवस्था माणसांनी जाणीवपूर्वक उभारल्या होत्या. दुसरा आक्षेप आपल्या परिस्थितीतून येतो. जिथे ऱ्हुमॅटिक झडपांचे रुग्ण अजून मोठ्या संख्येने आहेत, तिथे दहा हजारांतल्या दोघा-तिघांची काळजी ही चैन नाही का? या इतिहासाने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. मिक्सोमा शोधणारे यंत्र झडपेसाठीच बनले होते. जिल्हा रुग्णालयात इकोचे यंत्र आणि ते वाचणारा माणूस असेल, तर ऱ्हुमॅटिक झडपेची मुलगी आणि मिक्सोमाची तिची आई या दोघींनाही त्याचा फायदा होतो, खर्च एकच. उलट केवळ आवाज ऐकून झडपेचा आजार ठरवला आणि वर्षानुवर्षे गोळ्या दिल्या, तर ज्या थोड्यांचा आजार पूर्ण बरा होण्यासारखा होता, नेमके तेच हातचे जातात.

म्हणून मागणी साधी आहे. कारण न सापडणारा दीर्घ ताप, तरुण वयातला पक्षाघात आणि शरीराची ठेवण बदलली की वाढणारा दम, या तिन्ही प्रसंगी एक इको झालाच पाहिजे, आणि तो परवडण्याजोग्या अंतरावर व्हायला हवा. वैद्यकीय महाविद्यालयांत शवविच्छेदने घटत चालली आहेत. ती टिकली पाहिजेत, कारण या कहाणीतली पहिली चारशे वर्षे त्यांच्याच आधारावर उभी आहेत. आणि विज्ञानाला पैसा देताना याचा आज उपयोग काय, हा एकच प्रश्न विचारणे थांबले पाहिजे. १९५४ च्या जुलैत स्टॉकहोमची ती स्त्री वाचली, ती तिच्या आजाराचा विचारही न करता वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांमुळे. आज ज्या दुर्मीळ आजारांना उपाय नाही, त्यांच्या रुग्णांची आशाही अशाच कुठल्या तरी दुसऱ्या कामाशी बांधलेली आहे. ती कामे चालू ठेवणे आणि त्यांची फळे हाती येतील तेव्हा रुग्ण ओळखता येईल अशी तयारी करणे, हे दोन्ही समाजाच्या हातात आहे.